स्वर्ग पाहून आलेल्यांची पुस्तके आणि इतरांची

स्वर्ग, श्रद्धा आणि ईश्वरी देणग्या या तीन विषयांवरची पुस्तके बहुधा एकाच फळीवर ठेवलेली आढळतात आणि वाचकही ती साधारण एकाच अपेक्षेने उचलतो: मनाला आधार मिळावा, मृत्यूची भीती थोडी कमी व्हावी आणि जमल्यास पलीकडे काही आहे याची खात्री पटावी. ही अपेक्षा गैर नाही, परंतु तिच्या जोरावर फार सामान्य पुस्तकेही कोटींच्या संख्येने खपतात आणि खरोखर मोलाची पुस्तके त्यांच्या मागे झाकली जातात. म्हणून या फळीवरील काही पुस्तकांचे हे परीक्षण मी एकाच प्रश्नाच्या आधारे करणार आहे, तो म्हणजे लेखक आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावर थांबतो का. या विषयात लेखकाची खरी परीक्षा संयमाचीच असते, असे माझे मत आहे.

सुरुवात खपाच्या पुस्तकांपासून केली पाहिजे. 2010 साली प्रसिद्ध झालेले ‘हेवन इज फॉर रिअल’ हे टॉड बर्पो या अमेरिकी ख्रिस्ती पाळकाने (धर्मोपदेशकाने) लिन व्हिन्सेंट यांच्या साहाय्याने लिहिलेले पुस्तक. नेब्रास्का राज्यातील या पाळकाच्या चार वर्षांचाही नसलेल्या मुलाचे अपेंडिक्स 2003 साली फुटले, शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले आणि त्यानंतरच्या महिन्यांत ते स्वर्गात जाऊन आल्यासारख्या गोष्टी बोलू लागले, अशी ही हकिकत आहे. पुस्तकाच्या कोटीच्या वर प्रती खपल्या आणि 2014 मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पुस्तकाचा पूर्वार्ध मला मनापासून आवडला. चुकलेले निदान, खालावत जाणारे मूल आणि एका बंद खोलीत जाऊन देवावर संतापणारा बाप, हे सारे आडपडदा न ठेवता लिहिले आहे, आणि एका धर्मोपदेशकाने आपला संताप असा उघड करावा ही लहान गोष्ट नाही. उत्तरार्धात मात्र पुस्तकाचा स्वभावच बदलतो. मूल एखादे वाक्य बोलते, वडील बायबलमधील एखादे वचन काढून त्याच्याशी ताडून पाहतात, ते जुळते, आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच घडते. सर्वांना पंख असतात, येशूचा घोडा इंद्रधनुष्याच्या रंगांचा असतो, असे तपशील जमत जातात. मूल पाळकाच्या घरात, याच कथा ऐकत वाढलेले आहे आणि ही संभाषणे दीर्घ काळात तुकड्यातुकड्यांनी झालेली आहेत, या दोन गोष्टी लेखक लपवत नाही, पण त्यांचे वजन तो कधी तोलूनही पाहत नाही. ज्याला मुळातच विश्वास आहे त्याला हे पुस्तक आनंद देईल आणि ज्याला शंका आहे त्याची शंका ते अधिक पक्की करील.

2010 सालीच आलेल्या ‘द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन’ या पुस्तकाची कथा अधिक दुःखद आहे. मोटार अपघातात जखमी होऊन कोमात गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा स्वर्गानुभव म्हणून ते लोकांपुढे आले. जानेवारी 2015 मध्ये, तोवर किशोरवयात आलेल्या त्या मुलाने एका खुल्या पत्रातून आपण मृत्यू पावलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो आणि लोकांचे लक्ष मिळावे म्हणून ते बोललो होतो, असे जाहीर केले, आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. या प्रसंगाचा दोष मुलाला देणे मला पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या लहान मुलाने काय सांगावे याची उत्कंठा मोठ्या माणसांच्या मनात आधीच तयार होती, आणि ती उत्कंठाच या सबंध साहित्यप्रकाराचे भांडवल आहे.

तुलनेने डॉन पायपर यांचे 2004 सालचे ‘नाइन्टी मिनिट्स इन हेवन’ हे पुस्तक मला बरेच उजवे वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या शीर्षकात नाही. 1989 साली टेक्सासमध्ये एका पुलावर त्यांच्या मोटारीला ट्रकची धडक बसली आणि घटनास्थळी आलेल्या मदतपथकाने त्यांना मृत ठरवले. स्वर्गाचे वर्णन मोजक्याच पानांत संपते. उरलेले पुस्तक मोडलेल्या पायाभोवती बसवलेली धातूची चौकट, तिचे स्क्रू, झोप नसलेल्या रात्री, भेटायला येणाऱ्यांशी धड बोलावेसे न वाटणे आणि जिवंत राहिल्याबद्दल कृतज्ञता वाटण्याऐवजी येणारी खिन्नता यांनी भरलेले आहे. स्वर्ग पाहून आलेल्या माणसाला परत आल्याचा राग येतो आणि तो राग लपवावासा वाटतो, हे पायपर यांनी लिहिले आहे, आणि तेच पुस्तकातील सर्वांत विश्वसनीय पान आहे. मुखपृष्ठाने वचन दिलेली नव्वद मिनिटे वगळली तरी पुस्तक उभे राहते.

विज्ञानाची साक्ष काढणाऱ्या पुस्तकांत एबेन अलेक्झांडर यांचे ‘प्रूफ ऑफ हेवन’ (2012) सर्वाधिक गाजले. लेखक स्वतः मेंदूचे शल्यविशारद, 2008 साली जिवाणूजन्य मेंदूज्वराने सात दिवस कोमात होते, आणि मेंदूचा विचार करणारा भाग बंद असतानाही आपल्याला अत्यंत स्पष्ट अनुभव आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 2013 मध्ये एका अमेरिकी मासिकाने दीर्घ लेख छापून त्यातील काही वैद्यकीय तपशिलांवर, विशेषतः बेशुद्धी औषधांनी राखलेली होती का यावर, प्रश्न उपस्थित केले आणि लेखकाने आपल्या कथनावर ठाम असल्याचे सांगितले. तो वाद बाजूला ठेवला तरी माझा आक्षेप शीर्षकावर आहे. एका माणसाचा एक अनुभव कितीही तीव्र असला तरी तो साक्ष ठरू शकतो. तो सिद्धता कसा ठरावा हे पुस्तक सांगत नाही. याउलट रेमंड मूडी यांच्या 1975 सालच्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ या पुस्तकाची शैली कोरडी आहे, पण सुमारे दीडशे व्यक्तींच्या हकिकती मांडल्यानंतर यातून मरणोत्तर जीवन सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. पुढे 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पिम फान लोमेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला; हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी, म्हणजे 18 टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. उरलेल्या 282 जणांना काहीच आठवत नव्हते, हा आकडा या फळीवरची पुस्तके क्वचितच छापतात.

या सगळ्यांच्या शेजारी बायबलमधील, ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय ठेवून वाचावा, अशी माझी शिफारस आहे. तेथे पौल आपल्या ओळखीच्या एका माणसाविषयी लिहितो. तो चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, देहात असताना की देहाबाहेर हे देवालाच ठाऊक, आणि त्याने जी वचने ऐकली ती माणसाने उच्चारणे योग्य नाही. हा माणूस म्हणजे पौल स्वतःच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौदा वर्षे तो गप्प होता, आता बोलला तर प्रथमपुरुषीही बोलला नाही, आणि स्वर्गाचा एकही तपशील दिला नाही. लगेच पुढच्या ओळींत तो आपल्या शरीरातील काट्याविषयी, म्हणजे न सुटणाऱ्या एका दुखण्याविषयी, बोलू लागतो. स्वर्गयात्रेच्या पुस्तकांचा आधार म्हणून हा उतारा वारंवार दिला जातो, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

तरीही तपशिलाची भूक खोटी म्हणता येत नाही. एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स यांची ‘द गेट्स अजार’ ही कादंबरी 1868 साली, अमेरिकी यादवी युद्धानंतर तीनच वर्षांनी आली. युद्धात भाऊ गमावलेल्या नायिकेला तिच्या नात्यातील एक स्त्री समजावते की स्वर्गात घरे असतील, बागा असतील, आवडीची कामे असतील आणि आपली माणसे ओळखीच्या रूपात भेटतील. वाङ्मय म्हणून ही कादंबरी आज जड जाते, संवाद तर प्रवचनांसारखेच आहेत. पण घरोघरी कोणी ना कोणी गेलेले असताना तिने जे सांगितले ते त्या काळच्या व्यासपीठांवरून मिळणाऱ्या अमूर्त उपदेशापेक्षा लोकांना जवळचे वाटले असणार. तिच्याही आधी, 1758 मध्ये, स्वीडनच्या खाण विभागात अधिकारी राहिलेल्या इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग यांनी देवदूतांची घरे, वस्त्रे, भाषा आणि विवाह यांची नोंदवहीसारखी तपशीलवार माहिती लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. कुतूहल म्हणून ती चाळावी, सलग वाचण्याचा हट्ट धरू नये.

कल्पनेने स्वर्ग रचणाऱ्या आणि तो कल्पनेने रचला आहे हे न लपवणाऱ्या लेखकांकडे वळल्यावर फळीची उंची एकदम वाढते. इटालियन कवी दान्तेच्या ‘दिव्हिना कोम्मेदिया’चे शंभर सर्ग आहेत, त्यांतील शेवटचे 33 स्वर्गाचे. बहुतेक वाचक नरकाचे 34 सर्ग आवडीने वाचतात आणि तेथेच थांबतात, ही मोठी हानी आहे. स्वर्गाच्या सर्वांत खालच्या, चंद्राच्या कक्षेत दान्तेला पिकार्दा भेटते. मठातून जबरदस्तीने बाहेर काढून तिचा विवाह लावून दिला गेला होता, आणि अपुरे राहिलेले व्रत हेच तिच्या खालच्या स्थानाचे कारण आहे. तुला अधिक वर जावेसे वाटत नाही का, असे दान्ते विचारतो. ती हसते आणि सांगते की येथे प्रेम आमच्या इच्छेला असे शांत करते की जे आहे त्याहून वेगळे हवेसेच वाटत नाही. उतरंड असूनही मत्सर नसलेली जागा कशी असेल, हा प्रश्न मी वाचलेल्या कोणत्याही आधुनिक स्वर्गवर्णनात इतक्या थोडक्यात सुटलेला नाही. शेवटच्या सर्गात तर कवी आपली स्मृती आणि वाणी अपुरी पडत असल्याची कबुली पुन्हा पुन्हा देतो आणि अखेरीस कल्पनेची शक्तीच सरते. चौदा हजारांहून अधिक ओळी लिहिलेल्या कवीने तेथे थांबावे, यात त्याचा अधिकार दिसतो. मात्र ‘पारादीसो’, म्हणजे हा स्वर्गाचा भाग, टिपांशिवाय वाचण्याचा प्रयत्न करू नये. त्यातील खगोलशास्त्र आणि फ्लोरेन्सचे राजकारण आजच्या वाचकाला अडवते.

सी. एस. लुईस यांचे 1945 सालचे ‘द ग्रेट डिव्होर्स’ हे छोटेखानी पुस्तक मी या यादीत सर्वांत वर ठेवीन. सदैव संधिप्रकाशात बुडालेल्या एका करड्या शहरातून एक बस निघते आणि उतारूंना स्वर्गाच्या वेशीवर आणून सोडते. तेथे पोहोचल्यावर कळते की उतारूच धुरकट आणि पारदर्शक आहेत, आणि स्वर्ग इतका घट्ट आहे की गवताची पाती त्यांच्या पायांत रुततात. कोणालाही राहण्याची मुभा आहे, तरी एकेक जण काही ना काही कारण काढून बसकडे परत जातो. एकाला आपल्या हक्काचे हवे आहे, एका धर्मपंडिताला परमेश्वराच्या भेटीपेक्षा आपल्या अभ्यासमंडळातील निबंध महत्त्वाचा वाटतो, एका आईला मुलगा हवा आहे पण फक्त आपल्या ताब्यात. ही आई मला अन्यायाने रंगवल्यासारखी वाटते. लुईस तिच्या दुःखाला फार लवकर निकालात काढतात. परंतु प्रस्तावनेतच त्यांनी बजावले आहे की ही मरणोत्तर स्थितीची माहिती समजू नये, ती जाणून घेण्याचे कुतूहल वाढवणे हा आपला हेतू नाही. ही सूचना दिल्यामुळेच पुढचे प्रत्येक पान मोकळेपणाने वाचता येते.

मराठी वाचकाला स्वर्गाविषयीचा हा साशंक सूर नवा वाटणार नाही. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल ऋषींची कथा आहे. शेतात पडलेले दाणे वेचून जगणाऱ्या आणि दुर्वासांच्या परीक्षेत उतरलेल्या या ऋषीला नेण्यासाठी विमान येते, तेव्हा तो देवदूताला आधी स्वर्गाचे गुण आणि दोष दोन्ही सांगायला लावतो. देवदूतही प्रामाणिक आहे. तेथे नवे कर्म करता येत नाही, साठवलेले पुण्य फक्त खर्च होते, दुसऱ्याचे अधिक वैभव पाहून असंतोष जळत राहतो आणि पुण्य सरले की गळ्यातील माळा कोमेजून पतन होते, हे तो सांगतो. मुद्गल विमान परत पाठवतात. स्वर्गारोहणपर्वात तर युधिष्ठिर स्वर्गात दुर्योधनाला सिंहासनावर आणि आपल्या माणसांना नरकात पाहतो आणि मी यांच्याजवळच थांबतो, असे म्हणतो. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायात याच्याही पुढे जाऊन स्वर्ग आणि नरक या दोन्ही वाटा चोरांच्या ठरवल्या आणि स्वर्गाला नेणाऱ्या पुण्यालाही पापाचाच एक प्रकार म्हटले. अर्थात येथला स्वर्ग हा मुक्काम आहे आणि ख्रिस्ती परंपरेतला स्वर्ग हे अंतिम घर आहे, त्यामुळे दोहोंची सरसकट तुलना करणे योग्य होणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की मुद्गलाने देवदूताला विचारलेला प्रश्न आजच्या स्वर्गवर्णनांतील एकही प्रवासी विचारत नाही.

श्रद्धेवरच्या पुस्तकांचा परामर्श मी थोडक्यात घेतो, कारण त्यांतील बहुसंख्य पुस्तके श्रद्धेला यश मिळवण्याचे साधन मानतात आणि पुढील काही प्रकरणांत ते यश आरोग्य आणि पैसा यांवर येऊन थांबते. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द यांचे ‘फिअर अँड ट्रेम्बलिंग’ (1843) देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बायबलमधील अब्राहामाच्या कथेवर आहे. त्याचा निवेदक मी अब्राहामाला समजू शकत नाही असे पानोपानी म्हणतो आणि तरी त्याच्यापासून दूर जाऊ शकत नाही. पुस्तक कठीण आहे, पण आरंभीच्या चार छोट्या कथारूपांसाठी तरी ते उघडावे. मदर तेरेसा यांच्या खासगी पत्रांचे ‘कम बी माय लाइट’ हे 2007 मध्ये आलेले संकलन मात्र कोणालाही वाचता येईल. ज्या स्त्रीला जग अढळ श्रद्धेचे उदाहरण मानत होते तिला अल्पसा काळ वगळता जवळजवळ पन्नास वर्षे देवाच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता, अंतर्यामी काळोख होता, हे त्या पत्रांतून कळते. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती, त्यामुळे ती छापण्याच्या नैतिकतेविषयी माझ्या मनात आजही संकोच आहे. संपादकाचे विवेचनही जागोजागी त्या काळोखाला घाईने अर्थ देते. तरीही श्रद्धेला अनुभवाचे तारण लागत नाही, हे दाखवणारे इतके थेट पुस्तक माझ्या माहितीत दुसरे नाही.

आता ईश्वरी देणग्या. मराठी बायबलमध्ये त्यांना कृपादाने म्हणतात, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्यांची नऊ नावे येतात: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, चमत्कार, संदेश, आत्मे ओळखणे, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे. विश्वास हाही येथे देणगी म्हणूनच मोजला आहे, म्हणजे ज्याच्या जोरावर बाकीच्या मिळतात असे प्रवचनकार सांगतात ती गोष्टही माणसाची कमाई नव्हे. 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांतून जी चळवळ पसरली तिने या अध्यायाला पुन्हा केंद्रस्थानी आणले, आणि तिच्या मागोमाग मार्गदर्शक पुस्तकांचा मोठा व्यवसायही उभा राहिला. त्यांतील एक प्रकार विशेष लोकप्रिय आहे: शंभराच्या आसपास विधाने, प्रत्येकासमोर गुण, शेवटी बेरीज, आणि त्यावरून तुमचे कृपादान कोणते याचा निर्णय. अशी पुस्तके मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, कामाची वाटणी करायला थोडीफार उपयोगी पडतात हे मान्य केले पाहिजे, पण त्यांचा पाया कच्चा आहे. पौलाची स्वतःची यादीच स्थिर नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सेवा, शिकवणे, उत्तेजन, दान, दया अशी निराळी नावे येतात आणि यशयाच्या अकराव्या अध्यायावर आधारलेली कॅथलिक परंपरेतील सात दाने आणखी वेगळी आहेत. ज्या लेखकाने दोन पत्रांत वेगळ्या याद्या दिल्या त्याला पूर्ण यादी द्यायचीच नव्हती, असे समजणे अधिक सरळ आहे. शिवाय त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे, अशी सूचना आहे. देणगी ज्याला मिळाली त्याच्यासाठी नसून ऐकणाऱ्यांसाठी आहे, आणि ऐकणाऱ्यांना उपयोग नसेल तर ती बंद ठेवावी, इतका व्यावहारिक हा विचार आहे. बेरजेच्या पुस्तकांत नेमका हाच अध्याय गाळलेला किंवा दोन ओळींत उरकलेला असतो. असे पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते पान शोधून पाहावे.

सिद्धींविषयीची हीच सावधगिरी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात आहे, जेथे पतंजली सिद्धींची लांबलचक यादी देता देता मध्येच त्या समाधीतील विघ्ने आहेत असे सांगून टाकतात. चांगदेवांचे कोरे पत्र आणि वाघावरची स्वारी सर्वांना माहीत असते, पण त्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या 65 ओव्या फार थोड्या लोकांनी वाचलेल्या असतात. त्या उत्तराचा सारा रोख आत्मस्वरूपाच्या ओळखीवर आहे. चांगल्या टीकेसह हे छोटे प्रकरण आठवडाभरात नीट वाचून होते, आणि देणग्यांविषयीच्या जाडजूड मार्गदर्शक पुस्तकापेक्षा ते मी केव्हाही आधी सुचवीन.

एक व्यावहारिक सूचना राहते. या फळीवरील पुष्कळ पुस्तके स्वतःसाठी घेतली जात नाहीत. घरात मृत्यू झालेल्या स्नेह्याला द्यायला म्हणून घेतली जातात. त्या प्रसंगी स्वर्गाची सचित्र माहिती देणारे पुस्तक हातात ठेवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. लुईस यांनीच पत्नीच्या निधनानंतर चार वह्यांत लिहिलेले टिपण 1961 साली टोपणनावाने ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्हड’ म्हणून छापले. पंधरा वर्षांपूर्वी स्वर्गाच्या वेशीवर बस नेणारा हाच लेखक पैलतीरावरच्या कौटुंबिक भेटींची चित्रे येथे चिडून दूर सारतो आणि दार ठोठावले तर आतून कडी लावल्याचा आवाज येतो, असे देवाविषयी लिहितो. शेवटच्या वहीत सूर निवळतो, पण पहिल्या दोन वह्या ताज्या दुःखात असलेल्या माणसाला फार कठोर वाटू शकतात, म्हणून हे पुस्तकही पहिल्या महिन्यात देऊ नये. वर्षश्राद्धानंतर, त्या व्यक्तीने स्वतःहून विषय काढला तर, ते जरूर द्यावे.